केरबा मास्तरांचा शेवटचा स्लो मार्च

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चपला घालून उठणारा माणूस मी. आमच्या भोसरीत कुणाला विहिरीवर काय दिसलं, कुणाच्या सुनेच्या अंगात काय आलं, असलं बोलणाऱ्यांना मी तोंडावर हसत आलोय. गेली चार वर्षं मी पिंपरीच्या एका कंपनीत बॉयलरवर आहे. तिथं दाब किती ते काटा सांगतो, आणि काटा सांगेल त्यापलीकडं काही मानायचं नाही, ही माझी सवय. तुमच्या मासिकातलं वाचकांच्या अनुभवांचं हे पान माझी बायको मोठ्यानं वाचते, तेव्हा मी दर वेळी म्हणतो — "रिकामटेकडी माणसं!" आता त्याच पानासाठी मी कागद घेऊन बसलोय, म्हणून ती चुलीपुढं बसून गालात हसतेय. हसू दे.

पण माझ्यापुढं इलाज नाही. जे घडलं ते भर सकाळी, अकराच्या सुमारास, दीडएकशे माणसांसमक्ष घडलं. त्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि आपण काय ऐकलं हे त्यांतल्या बहुतेकांना आजही ठाऊक नाही. ते सांगायचं तर त्याआधी मी केलेलं एक वाईट काम सांगावं लागतं... म्हणून वर्षभर हे लिहायचं टाळलं. माझं नाव सोपान. आडनाव लिहीत नाही. आमच्याकडच्या लोकांना तसंही कळेलच.

केरबा मास्तर हे नाव दिघी-भोसरीच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मास्तर पलटणीच्या बँडमध्ये होते. कॉर्नेट वाजवायचे — तीन कळांचं, आखूड बांध्याचं पितळी वाद्य, ओठांच्या जोरावर वाजणारं. पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला गेले, तिथून छातीचं दुखणं घेऊन आले, पण कॉर्नेट काही सुटला नाही. पेन्शनीत निघाल्यावर साताऱ्याकडच्या आपल्या गावी गेले नाहीत. दिघीला, लष्कराच्या तारेच्या कुंपणालगत दोन खोल्या बांधून राहिले. "बिगुल ऐकल्याबिगर मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही," म्हणायचे.

त्यांनी आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांचं पथक उभं केलं. ज्यांना औताशिवाय दुसरं काही धरता येत नव्हतं, त्यांच्या हातात त्यांनी कॉर्नेट, ट्रॉम्बोन, बेस दिले. पहिले सहा महिने चाल शिकवायची नाही — नुसता एक सूर. आम्ही माळाच्या या टोकाला उभे राहायचो आणि मास्तर पार त्या टोकाला, बाभळीखाली. एकेकानं एक लांब सूर धरायचा. तो सरळ त्यांच्यापर्यंत आला तर ते हात वर करायचे, नाही आला तर नुसते उभे. काही जण जीव खाऊन फुंकायचे. मग मास्तर अख्खा माळ तुडवत येऊन सांगायचे, "ओरडू नको रे. पोचव." त्यांचा हात पहिल्यांदा माझ्यासाठी वर झाला, तो दिवस मला माझ्या लग्नाच्या दिवसाहून जास्त आठवतो.

आणखी एक शिस्त त्यांनी पलटणीतून आणली होती. पथकातला एखादा आजारी असला, शेतात अडकला, तरी त्याची रांगेतली जागा मोकळी ठेवूनच चालायचं. सरकून भरायची नाही. लग्नातली माणसं विचारायची, "तिथं दात पडल्यासारखं का दिसतंय?" मास्तर म्हणायचे, "माणूस आहे आमचा. आज आला नाही इतकंच."

माझ्या घरी मात्र हे काही पटलेलं नव्हतं. माझे वडील — आम्ही त्यांना आबा म्हणतो — मास्तरांचं नाव कधी घ्यायचे नाहीत. "तो वाजंत्री" म्हणायचे. मी कॉर्नेट घरात आणला, त्या दिवशी त्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "लोक आपल्या दारात वाजवाया येत्यात. आपून कुणाच्या दारात जायाचं न्हाई." मी गेलो. वीस वर्षं जात राहिलो. आबांनी मला अडवलं नाही, पण एकदाही माझं वाजवणं थांबून ऐकलं नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. खोटं होतं ते.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

पितळी वाद्य वाजवणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याचे पुढचे दात आणि ओठ. आठएक वर्षांपूर्वी मास्तरांचे पुढचे दात हलू लागले आणि एका पावसाळ्यात चार पडले. पुण्याला जाऊन त्यांनी कवळी बसवली, पण माउथपीस टेकवला की ती आत सरकायची आणि सूर फुटायचा. एक दिवस सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"सोपान, माझ्या मागं उभा राहशील?"

मला समजलं नाही. मी म्हटलं, "मागंच उभा असतो की, मास्तर."

"तसं नाही. माझा भाग तू वाजवायचा. मी पुढं धरून उभा राहतो."

त्यांना मिरवायचं होतं असं कुणी समजू नये. मिरवणारा माणूसच नव्हता तो. त्यांनी मला सरळ सांगितलं, "मास्तरच वाजवत नाही असं कळलं, तर तुमच्या घरचे उद्या मुलांना पाठवायचे नाहीत. आधीच टपून बसलेत. नवीन मुलं अजून कच्ची आहेत. दोन-चार वर्षं सांभाळून ने."

अशी चार वर्षं आम्ही काढली. पहिल्या रांगेत उजव्या कडेला मास्तर, कॉर्नेट ओठाला, बोटं कळांवर अचूक चालतायत. दुसऱ्या रांगेत बरोबर त्यांच्या पाठीमागं मी, श्वास माझा. ऐकणाऱ्यांना सूर त्यांच्याकडूनच आल्यासारखा वाटायचा. पथकातल्या जुन्या माणसांना अंदाज असावा. माझ्या शेजारी ढोल वाजवणारे हुसेनभाई तर बहिरे नव्हते. पण कुणी चकार शब्द काढला नाही.

मास्तरांनी स्वतः बांधलेला एक स्लो मार्च होता. कुठं लिहिलेला नाही, त्यांच्या डोक्यात आणि पुढं माझ्या. त्याच्या मधे कॉर्नेटचा एकट्याचा तुकडा — बाकी सगळे थांबतात, नुसता ढोल चालतो. त्या तुकड्याच्या तिसऱ्या ओळीत एक वरचा लांब सूर आहे. मास्तरांची छाती अधू, म्हणून ते त्या सुराच्या अलीकडं, ओळ तोडून, एक श्वास घ्यायचे. मी शिकताना तसंच करायला लागलो, तर ओरडले, "माझी अडचण तू कशाला उचलतोस? तुझा दम चांगला आहे. एका दमात जा." त्यामुळं मी ती ओळ कधी तोडली नाही.

चार वर्षांपूर्वी चाकणला एका शाळेच्या नव्या इमारतीचा समारंभ होता. मंडप बाजाराच्या मैदानात. पुण्याहून कुणी मोठे साहेब आले होते. मास्तरांचा कॉर्नेट त्यांनी पूर्वी कधीतरी ऐकला होता, म्हणून खास स्लो मार्च वाजवायला सांगितलं आणि मास्तरांसाठी शालही आणली होती. त्या दिवशी आबा कांदा घेऊन चाकणला आले होते. गावातल्या दोघा-तिघांबरोबर ते मंडपाच्या दोरीपाशी उभे राहिले, माझ्यापासून दहा पावलांवर. वीस वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांच्या शेजारच्यानं विचारलेलं मला ऐकू आलं.

"आबा, तुमचा सोपान कुठला रं ह्यात?"

"त्यो काय. मागं. दुसऱ्या रांगंत."

"मागं व्हय? म्हंजी पुढच्यांची वझी वाह्याला!"

आणि आबा हसले. मोठ्यानं नाही. जरासेच.

मार्च सुरू झाला. मधला तुकडा आला, पथक थांबलं, ढोल राहिला, आणि मी वाजवायला लागलो. पहिली ओळ. दुसरी ओळ. साहेब मान डोलवत मास्तरांकडं बघत होते. आबाही मास्तरांकडंच बघत होते. हा सूर माझा आहे, हा दम माझा आहे, माझ्या बापानं आज इथं उभं राहून ऐकलेलं सगळं माझं आहे, आणि बघतोय कुणाकडं... तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी मी थांबलो. ठरवून थांबलो. माझ्या ओठाला काही झालं नव्हतं.

ढोलाचे सात-आठ ठोके झाले असतील. तेवढा वेळ मास्तर तसेच उभे होते. कॉर्नेट ओठाला, बोटं चालतायत, आणि आवाज नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, म्हातारा नुसतीच फुकनी धरून हुबा हाय की!" सगळा मंडप हसला.

आणि माझ्याकडं? माझ्याकडं कुणी बघितलंच नाही. थांबलेला सूर माझा होता हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. आबांनाही नाही. जे मिळवायला हे केलं ते तर मिळालं नाहीच.

मास्तरांनी मागं वळून बघितलं नाही. डावा हात वर करून पथकाला पुढचा भाग उचलायला लावला, मार्च पुरा केला, सलाम केला, शाल घेतली नाही. मंडपामागं आल्यावर साहेबांच्या माणसाला म्हणाले, "मधली कळ अडकली माझी." मग माझ्याजवळ आले.

"ओठ फुटला का रे?"

त्यांच्या आवाजात राग असता तर मी खरं बोललो असतो. राग नव्हता. मी म्हणालो, "व्हय."

त्यांनी खिशातून तुपाची डबी काढली. "लावून घे. पंधरा दिवस वाजवू नकोस."

मी पंधरा दिवस वाजवलं नाही. मग महिनाभर. मग पिंपरीच्या कंपनीत लागलो आणि शिफ्टचं कारण मिळालं. भोसरीहून दिघी ती किती लांब? सायकलवर पाव तास. मी तीन वर्षं गेलो नाही. मास्तरांनी एकदाच हुसेनभाईंबरोबर निरोप पाठवला होता — "ओठ बरा झाला का, विचार." मी सांगितलं, अजून नाही.

चाकणनंतर मास्तरांनी पथकाचा ड्रेस अंगावर चढवला नाही. तिघा मुलांना घरच्यांनी काढून घेतलं. बाकीच्यांना ते बाजेवर बसून शिकवत राहिले — माळाच्या टोकाला बाज टाकून घ्यायचे आणि तिथून हात वर करायचे. दात नसलेल्या या माणसानं त्या तीन वर्षांत दोघा मुलांना पलटणीच्या बँडमध्ये पाठवलं. मी हे कंपनीच्या गेटवर दुसऱ्यांकडून ऐकलं. अभिमानानं छाती भरून आली, आणि त्यात आपला काडीचा वाटा नाही म्हणून मान खाली गेली.

गेल्या वर्षी माघात, सकाळी सातला हुसेनभाई सायकल घेऊन दारात उभे राहिले.

"मास्तर गेलं. पहाटं. झोपंतच." मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कॉर्नेट घे आन् चल."

"हुसेनभाई, तीन वर्षं हात लावला नाही. ओठ उतरलाय माझा."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो — कॉर्नेटचा ओठ महिनाभर सोडला तरी ढिला पडतो. तीन वर्षं म्हणजे संपलंच.

"पोरांना बाकी मार्च येतोय," हुसेनभाई म्हणाले. "मधला तुकडा कुनाला येतोय? त्यांना आन् तुला. ते तर आता तिरडीवर हायत."

"आणि नाही जमलं तर?"

"न्हाई जमलं तर न्हाई जमलं. पर आलाच न्हाईस, तर पुन्हा मला हाक मारू नगंस."

मी गोठ्यात जाऊन कॉर्नेट काढला. दहा मिनिटं फुंकलं असेल. सूर लागत होता, टिकत नव्हता. गुरं कान टवकारून बघत होती.

दिघीला पोचलो तेव्हा दारापुढं माणूस मावत नव्हता. भोसरीचे लोक आले होते, चऱ्होलीचे आले होते. चाकणच्या मंडपात हसलेल्यांतलेही दोघे-तिघे ओळखू आले. आणि कोपऱ्यात, डोक्याचं मुंडासं काखेत धरून, आबा उभे होते. ते का आले हे मी विचारलं नाही.

पथक रांगेत उभं राहत होतं. मी तोंड चुकवत शेवटच्या रांगेकडं चाललो, तर बेस वाजवणारा विष्णू म्हणाला, "तिकडं कुठं? तुमची जागा हाय न्हवं?"

दुसऱ्या रांगेत उजव्या कडेला जागा मोकळी होती. मला वाटलं, आजच्यापुरती सोडलीय. विष्णूनं सांगितलं, तीन वर्षांतल्या प्रत्येक लग्नाला, प्रत्येक वरातीला पथक त्या मोकळ्या जागेसकट चाललं होतं. मास्तरांनी भरू दिली नव्हती. मी जाऊन तिथं उभा राहिलो. माझ्या पुढची, पहिल्या रांगेतली मास्तरांची जागाही मोकळी होती. मास्तरांचा कॉर्नेट त्यांच्या छातीवर ठेवला होता, झेंडूच्या माळांत, आणि तिरडी आमच्यापुढं पंधरा-वीस पावलं होती.

निघालो. रस्ता वळणाचा, ओढ्याकडं उतरणारा. कडेनं माणसं चालली होती. मार्चचा पहिला भाग सगळ्यांबरोबर मी कसाबसा काढला. तुकडा जवळ आला, तसा कडेचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आता फुकनी आली बघ." माझं काय व्हायचं ते होवो. पण हा तुकडा मोडला, तर या माणसाला लोक हसत पोचवणार. चाकणला मी एकदा लोकांना त्यांच्यावर हसवलं होतं. पुन्हा, आणि तेही आज...

पथक थांबलं. ढोल राहिला. मी वाजवायला लागलो.

पहिली ओळ गेली. खरखर होती, पण गेली. दुसऱ्या ओळीत ओठ थरथरायला लागला. मी जबरदस्तीनं माउथपीस दाबला — पितळ वाजवणाऱ्यानं करू नये ती चूक हीच, आणि मास्तरांनी तिच्यासाठी मला शेकडो वेळा हाणलं होतं. ओळ संपता संपता तोंडात रक्ताची चव आली. ओठ फुटला होता. या वेळी खरोखर. तिसऱ्या ओळीला मी फुंकलं, तर नुसती हवा.

ढोलाचा एक ठोका. दुसरा ठोका. मी मनात म्हणालो, संपलं. मास्तर, माफ करा.

तिसऱ्या ठोक्यावर सूर आला.

माझ्यातून नाही. माझा ओठ फाटलेला होता, बोटं कळांवर गोठली होती. सूर माझ्यापुढून आला, हातभर अंतरावरून, पहिल्या रांगेतल्या मोकळ्या जागेतून. कॉर्नेटचाच. तिसरी ओळ, सुरुवातीपासून. तो सूर कसा होता हे मला लिहिता येत नाही. मोठा नव्हता. तिरडीपुढच्या माणसांनी मान वळवून मागं बघितलं, म्हणजे तिथवर स्वच्छ जात होता. आणि त्या ओळीत, वरच्या लांब सुराच्या अलीकडं, ओळ तुटली. एक श्वास घेतला गेला. छाती अधू असलेल्या माणसाचा, घाईचा, लहानसा श्वास — मला तो ऐकूसुद्धा आला. मग तो वरचा सूर लागला आणि ढोलाच्या आठ ठोक्यांवर राहिला.

मी कॉर्नेट ओठावरून काढला नाही. भीतीनं, की लाजेनं, की लोकांना कळू नये म्हणून... आजही सांगता येत नाही. मी तसाच चालत राहिलो, नुसता धरून. शेवटची ओळ झाली. पथकानं मार्च उचलला, आणि माझ्यापुढची जागा पुन्हा नुसती जागा झाली. तिथल्या फुफाट्यावर पावलं उमटली का, हे बघायचं भानही राहिलं नाही. सगळे चाललेच होतो.

'फुकनी' म्हणणाऱ्या माणसानं डोक्यावरची टोपी काढलेली मी बघितली.

ओढ्यावर मास्तरांच्या बायकोनं — आम्ही त्यांना काकी म्हणतो — कॉर्नेट उतरवून घ्यायला सांगितलं. हुसेनभाईंनी तो उचलला आणि सवयीनं पाण्याची कळ दाबली. वाजवताना श्वासाचं पाणी नळीत साठतं, ते सोडायची एक कळ असते. तीन वर्षं तो कॉर्नेट खुंटीला होता. त्यातून पाणी आलं. चार-पाच थेंब, वाळूवर. हुसेनभाईंनी माझ्याकडं बघितलं. आता खरं सांगायचं तर फुलांवर पाणी शिंपडलेलं होतं, ते आत गेलं असेल. गेलंच असेल.

चितेपासून बाजूला आल्यावर ते हळूच म्हणाले, "सोपान, तुझी बोटं हालत न्हवती."

"ओठ फुटला, हुसेनभाई."

"दिसतंय की. रगत हाय हनवटीवर."

"मग वाजवलं कुणी?"

"मला काय इचारतोस? मी ढोल वाजवत हुतो." ढोलाचा पट्टा सावरत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दम मधीच तोडला. तू तोडत न्हाईस."

तेराव्याला पथकातले लोक मला म्हणाले, आता तुम्ही शिकवा, मास्तरांसारखं वाजवलंत. तेव्हा मी उभा राहून चाकणचं सगळं सांगितलं. हात जोडून सांगितलं. मला वाटलं होतं, हाकलून देतील. हुसेनभाई एवढंच म्हणाले, "मास्तरांनी तेव्हाच तुझा व्हट बघितला हुता. त्यांना फुटलेला आन् न फुटलेला कळत नसंल व्हय?" म्हणजे तुपाची डबी काढून दिली तेव्हा त्यांना ठाऊक होतं. तरी मला खोटं बोलू दिलं. आणि जागाही राखून ठेवली. मी आता सुटीच्या दिवशी माळावर शिकवायला जातो. माझा ओठ काही परत आला नाही. पण ऐकायला ओठ लागत नाही, आणि सूर पोचला की हात वर करता येतो. मास्तरांच्या हातची आणखी दोघं पोरं या वर्षी पलटणीच्या बँडला निवडली गेली, हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

मी शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. कुंपणापलीकडं लष्कराचा कुणी वाजवणारा सराव करत असेल म्हणून चौकशी केली. पण ती चाल त्यांना येणार कुठून? त्या दिवशी पथकात माझ्याशिवाय दुसरा कॉर्नेटवाला नव्हता. ट्रॉम्बोनवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "मी तर रडत होतो." शेवटी असंही म्हणून बघितलं, की मीच वाजवलं असेल आणि मला भान नसेल. पण माझ्या माउथपीसमध्ये रक्त वाळलेलं होतं, आणि ती ओळ मी आयुष्यात कधी तोडलेली नाही. बॉयलरवर काटा हलला तर त्याचं कारण सापडेपर्यंत मी जागचा हलत नाही. याचं कारण मला सापडलेलं नाही. सापडेल असं वाटतही नाही.

राहिलं ते त्याच दिवशीचं. ओढ्यावरून भोसरीला परतताना आबा माझ्याबरोबर चालत होते. मी सायकल हातात धरली होती. निम्मी वाट झाली. मग ते समोर बघतच म्हणाले, "चांगलं वाजवलंस."

माझ्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हे पहिल्यांदा ऐकलं. याच दोन शब्दांसाठी मी चाकणला तसा वागलो होतो. गप्प राहिलो असतो तर ते माझेच झाले असते, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

"आबा, ते मी नव्हतो," मी म्हणालो. "माझा ओठ फुटला. दोन ओळींवर थांबलो मी."

"मंग कोन वाजवत व्हतं?"

"मास्तर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी हनवटी बघितली, सदऱ्यावरचा रक्ताचा डाग बघितला. मला वाटलं, आता म्हणतील, डोकं फिरलं पोराचं. ते बांधावर बसले, पायातलं काढून त्यातला खडा झटकला.

"आन् चाकनला? तवा बी ह्योच सूर मधीच थांबला हुता, त्यो तू?"

"व्हय. मुद्दाम."

त्यांनी दुसऱ्या पायातलंही काढून झटकलं. मग पायात घातलं, माझ्या सायकलच्या दांडीला धरून उठले.

"मंग," ते म्हणाले, "केरबा मास्तरांनी लई चांगलं वाजवलं."